अग्नीला न शिवतां

फलटण तालुक्यांत नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी खेळूं लागल्यावर त्या कोरड्या मुलखांत ऊंस उभा राहिला, आणि उंसाच्या मागोमाग अग्नि आला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत साखरवाडी येथें साखरेचा कारखाना निघाला व त्याच्या बॉयलरखालीं चिपाडें जळूं लागलीं. गांवोगांवच्या गुऱ्हाळांतून चुलाणें धडधडूं लागलीं.

गुऱ्हाळांतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. काहिलींतील रस आटून गूळ उतरण्यास आला कीं नाहीं, हें गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकून ठरवितो. थेंबाची गोळी वळली कीं पाक तयार झाला. त्या क्षणीं पाकाचें उष्णतामान सुमारें ११८ अंश शतमान असतें. गुळव्याला तो आंकडा ठाऊक नसला, तरी त्याचा हात सहसा चुकत नाहीं. परंतु काहिलीखालच्या जाळाचें काय? पाकाचा थेंब पाण्यांत टाकतां येतो. जाळाचा थेंब काढतां येत नाहीं. चुलाणाच्या तोंडाशीं बसून चिपाडें सारणारा माणूस जाळाचा रंग पाहतो, त्याचा आवाज ऐकतो, अंगाला लागणारी धग ओळखतो, आणि तेवढ्यावर हंगाम निभावतो. तापलेल्या वायूला न शिवतां त्याचें उष्णतामान कसें जाणावें, ह्या प्रश्नाचा इतिहास दोनशें वर्षांहून अधिक जुना आहे. आणि त्यांतील एक महत्त्वाचा प्रसंग लंडन-पॅरिसला नव्हे, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत घडलेला आहे.

भट्टीची आंच मोजण्याची पहिली गरज कुंभाराला पडली. इंग्लंडांतील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड यानें १७८२ सालीं एक युक्ति काढली. मातीचे ठराविक आकाराचे तुकडे तो भट्टींत ठेवी आणि ते किती आंकसले त्यावरून आंच ठरवी. त्याचे आंकडे पुढें फारच फुगलेले ठरले. तरी आजची भट्टी कालच्या भट्टीइतकी तापली कीं नाहीं, एवढें त्यावरून कळे, व कुंभाराचें काम तेवढ्यानें भागे. पुढें १८४७ सालीं अमेरिकेंतील ड्रेपर यानें दाखविलें कीं, लोखंड असो वा वीट असो, घन पदार्थ साधारणतः एकाच उष्णतामानाला, म्हणजे सुमारें ५२५ अंशांना, अंधारांत तांबूस दिसूं लागतात. मग तांबडा, नारिंगी, पिंवळा, पांढरा अशी पायरी चढत जाते. लोहार जो रंग बापाकडून शिकला होता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. १९०१ सालीं जर्मनींत होलबोर्न व कुर्लबौम यांनीं दुर्बिणीसारख्या एका नळींत विजेच्या दिव्याची बारीक तार बसविली. भट्टीकडे पाहात दिव्याचा प्रवाह वाढवावयाचा. तार भट्टीच्या पार्श्वभूमीवर दिसेनाशी झाली कीं दोघांची आंच सारखी समजावयाची. हें यंत्र पुढें पोलादाच्या कारखान्यांतून सर्वत्र रूढ झालें.

येथपर्यंतचा मार्ग सोपा होता, कारण तो घन पदार्थांचा होता. ज्वालेपाशीं आल्यावर तो अडला. देवघरांतील समईची ज्योत पिंवळी, तेजस्वी दिसते; रॉकेलच्या स्टोव्हची ज्योत निळी व फिकट असते. रंगावरून आंच ठरविणारा माणूस समईला अधिक तापलेली म्हणेल, आणि फसेल. समईचा पिंवळा उजेड वायूचा नसून ज्योतींत तरंगणाऱ्या काजळीच्या सूक्ष्म कणांचा असतो. ते कण घन असल्यामुळें निखाऱ्यासारखे उजळतात. स्टोव्हच्या ज्योतींत काजळी जवळजवळ नसतेच. तेथें केवळ वायु तापलेला असतो, समईपेक्षां अधिक तापलेला असतो, आणि तरीहि तो आपल्या डोळ्यांना फारसें कांहीं सांगत नाहीं. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत भर उन्हांत दिसतसुद्धां नाहीं. हात लागतो तेव्हां कळते.

मग ज्वालेंत उष्णतामापकच कां घालूं नये? पाऱ्याची नळी ह्या आंचेंत टिकत नाहीं. परंतु १८८६ च्या सुमारास फ्रान्समध्यें ल शातलिए यानें प्लॅटिनमच्या दोन जातींच्या तारा एकत्र जोडून विजेच्या सूक्ष्म दाबावरून आंच सांगणारें साधन सिद्ध केलें. त्याला आज थर्मोकपल म्हणतात. हें साधन मोठें प्रामाणिक आहे. मात्र तें नेहमीं स्वतःचें उष्णतामान सांगतें. वायूनें तापलेली तार भोंवतालच्या गार भिंतींकडे सतत उष्णता फेंकीत असते. त्यामुळें ती वायूहून थंड राहते, आणि मोठ्या भट्टींत ही चूक शंभर-दोनशें अंशांपर्यंतहि जाऊं शकते. शिवाय तारेभोंवतीं ज्वालेचा प्रवाह बिघडतो तो निराळाच. ही चूक कमी करण्यासाठीं तारेभोंवतीं आच्छादनें घालून वायु वेगानें ओढून घेणारीं यंत्रें निघालीं. भट्टीच्या मुखांतून तीं लांबलचक नळीं आंत सरकविणें हें कष्टाचें काम असतें. ज्वालेला न शिवणें हा केवळ सोयीचा भाग नव्हता, तर खरें उत्तर मिळण्याची ती एक अट होती.

ह्या अटीची पूर्तता हर्शेल घराण्याच्या तीन पिढ्यांच्या कार्यांतून पाहतां येते. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवले. जांभळ्यापासून तांबड्याकडे पारा चढत गेला. त्यानें एक उष्णतामापक तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें, तेथें ठेवला. आणि पारा तेथेंहि चढला. डोळ्याला न दिसणाऱ्या ह्या किरणांना आपण आज अवरक्त किरण म्हणतों. त्याचा मुलगा जॉन हर्शेल यानें १८४० सालीं कागदाला काजळी फांसून, तो अल्कोहोलमध्यें भिजवून त्यावर वर्णपट पाडला. अवरक्त किरण जेथें पडले तेथें अल्कोहोल लवकर उडालें व कागदावर फिकट डाग उमटले. उष्णतेचें हें पहिलें चित्र होय. आजचा उष्णताचित्रें घेणारा कॅमेरा त्या काजळलेल्या कागदाचाच वंशज आहे.

मध्यंतरीं दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांनीं वाट मोकळी केली होती. कांचेंतून हे किरण नीट जात नाहींत, ही मोठी अडचण होती. इटलीच्या मेलोनी यानें शोधून काढलें कीं सैंधवाच्या खड्यांतून ते जवळजवळ बिनबोभाट जातात. जें सैंधव उपासाच्या दिवशीं आपल्या ताटांत पडतें, तें युरोपांत भिंगें व लोलक घडविण्यासाठीं वापरलें जाऊं लागलें. १८५९ सालीं लंडनमध्यें टिंडॉल यानें एक लांब नळी घेऊन तिच्या दोन्ही तोंडांना सैंधवाच्या चकत्या बसविल्या व नळींत निरनिराळे वायु भरून पाहिले. हवेंतील प्राणवायु आणि नत्रवायु यांनीं अवरक्त किरणांना मुळींच अडविलें नाहीं असें म्हटलें तरी चालेल. पाण्याची वाफ व आपल्या श्वासावाटे बाहेर पडणारा कर्बाम्लवायु यांनीं मात्र किरण शोषून घेतले. डोळ्याला हे सर्व वायु सारखेच पारदर्शक असतात. अवरक्तांत पाहतां कांहीं कांचेसारखे, तर कांहीं धुरासारखे ठरतात.

त्याच वर्षीं जर्मनींत किर्खोफ यानें ह्या कोड्याची किल्ली शोधली. जो वायु ज्या जातीचे किरण शोषतो, तोच वायु तापला असतां त्याच जातीचे किरण बाहेर टाकतो, असा त्याचा नियम आहे. स्टोव्हच्या ज्योतींत मिठाची चिमूट टाकली तर ती पिंवळी होते. वर्णपटदर्शकांतून पाहिलें तर सारा वर्णपट भरण्याऐवजीं पिंवळ्या जागीं एकच झगझगीत रेषा (बारकाईनें पाहतां दोन) दिसते. त्या ज्योतीमागें अधिक तप्त व प्रखर दिवा ठेवला तर त्याच जागीं काळी रेषा उमटते. घन पदार्थ सर्व रंगांत बोलतो. वायु आपल्या ठराविक रेषांतच बोलतो.

हा नियम आकाशांतील अग्नीला लागूं आहे काय, याची परीक्षा हिंदुस्थानांत झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया दख्खनवरून जाणार होती. ग्रहणाच्या वेळीं सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या ढग आहेत, डोंगर आहेत कीं तप्त वायु आहे, याचा निर्णय त्या वेळेपर्यंत झालेला नव्हता. फ्रेंच ज्योतिषी जान्सन गुंतूरला गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें पाठविलेलीं यंत्रें घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल, विल्यमचा नातू व जॉनचा मुलगा, जमखंडीस आला. तो त्या वेळीं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यांत नोकरीस होता. कृष्णेच्या दक्षिणेचें हें गांव आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत मोडतें.

श्रावणाच्या अखेरचे दिवस. आकाश ढगांनीं भरलेलें. ग्रहण लागलें तेव्हां ढग सूर्यावरून सरकत होते, आणि आयुष्यांत एकदांच येणारीं तीं मोजकीं मिनिटें ढगांच्या मर्जीवर होतीं. तेवढ्यांत फट पडली. हर्शेलनें वर्णपटदर्शक एका ज्वालेवर रोखला, आणि त्याला तीन झगझगीत रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. मधला अखंड वर्णपट नव्हताच. ज्वाला तप्त वायूच्या होत्या! आजोबांनीं अदृश्य किरणांचा शोध लावला, बापानें त्यांचें चित्र उमटविलें, आणि नातवानें जमखंडीच्या ढगाळ आकाशाखालीं नऊ कोटि मैलांवरील वायूला, न शिवतां, त्याची जात विचारून घेतली. नारिंगी रेषा मिठांतील सोडियमची असावी असें त्याला वाटलें. ती तशी नव्हती. ती हीलियमची होती, व पृथ्वीवर तो वायु रॅमसे याला १८९५ सालीं सांपडला.

येथें एका लोकभ्रमाचा उल्लेख करणें अवश्य आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवितात, आणि १८६८ सालीं लॉकियरनें तेथें हीलियम शोधला असें सांगतात. १८६८ सालीं लॉकियर इंग्लंडांतच होता, व त्यानें आपली पाहणी त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथूनच केली. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. त्याच ग्रहणाच्या वेळीं पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख प्रोफेसर कावसजी नायगांववाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आपला तळ दिला होता. जमखंडीचें नांव मात्र कोणाच्या तोंडीं नसतें.

वायूची जात कळली, तरी त्याची आंच अद्याप कळावयाची होती. ती युक्ति १९०३ सालीं फ्रान्सच्या फेरी यानें काढली, आणि ती इतकी सुंदर आहे कीं ती समजून घेण्यासाठीं थोडें थांबणें योग्य होईल. ज्योतींत चिमूटभर मीठ टाकावें. ज्योतीमागें एक दिवा ठेवावा, व दिव्याचा प्रकाश ज्योतींतून वर्णपटदर्शकांत यावा. दिवा ज्योतीहून थंड असेल तर पिंवळी रेषा झळकते. दिवा अधिक तप्त असेल तर तीच रेषा काळी होते. दिव्याचा प्रवाह हळूहळू वाढवीत न्यावा. एका क्षणीं रेषा झळकतहि नाहीं व काळीहि होत नाहीं; ती नाहींशी होते. त्या क्षणीं दिवा आणि ज्योत समान आंचेचीं असतात. दिव्याची तार घन आहे. तिची आंच होलबोर्नच्या नळीनें मोजतां येते. मुक्या वायूची आंच अशा रीतीनें बोलक्या तारेकडून वदवून घेतली गेली. सोन्याच्या वजनासाठीं सोनार जशी तागडी वापरतो, तशी ही अग्नीची तागडी आहे.

आकाशांतील वायूसाठीं असा दिवा ठेवतां येत नाहीं. तेथें १९२० सालीं मेघनाद साहा यांनीं निराळा मार्ग दाखविला. कोणत्या मूलद्रव्याचे किती अणु विद्युद्भारित झाले आहेत हें रेषांवरून ओळखून तेथील आंच गणितानें काढतां येते, असें त्यांनीं सिद्ध केलें. सूर्याच्या प्रभामंडलाचें उष्णतामान दहा लक्ष अंशांच्या घरांत आहे, हें त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं रेषांवरूनच उमगलें.

भट्टीकडे परत येतांना मात्र मिठाची चिमूट उपयोगी पडत नाहीं. कारखान्याच्या जाळांत मीठ कोण टाकील? तेथें टिंडॉलची नळी कामास आली. कोणत्याहि इंधनाच्या ज्वालेंत कर्बाम्लवायु आणि वाफ हे दोन वायु जवळजवळ नेहमीं असतातच. त्यांचे अवरक्त किरण ठराविक जागीं पडतात. कर्बाम्लवायूचे सर्वांत जोरकस किरण ४.३ मायक्रॉनच्या आसपास असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेंत होटेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत ह्या दोन वायूंच्या किरणांचीं कोष्टकें तयार केलीं, आणि भट्टीचा हिशेब करणाऱ्या इंजिनियरांनीं तीं पिढ्यान्‌पिढ्या वापरलीं.

उष्णतेचीं चित्रें घेणारा कॅमेरा प्रथम लष्कराच्या उपयोगासाठीं वाढला; १९६५ च्या सुमारास स्वीडनमध्यें तो बाजारांत आला. आज तो हातांत मावतो. मात्र त्याच्याविषयीं एक गैरसमज आहे. सर्वसाधारण कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांनीं पाहतो. त्या पट्ट्यांत हवा पारदर्शक असते, म्हणूनच तो पट्टा निवडलेला आहे. आणि स्वच्छ ज्वालाहि त्या पट्ट्यांत बहुतांशीं पारदर्शकच असते. असा कॅमेरा निळ्या ज्वालेवर रोखला तर पडद्यावर जो आंकडा उमटतो तो ज्वालेचा नसून बव्हंशीं तिच्यामागच्या भिंतीचा असतो. कॅमेरा खोटें बोलत नाहीं. तो दुसऱ्याच वस्तूविषयीं बोलत असतो. आंकडा ठळक व रंगीत असल्यामुळें ही चूक थर्मोकपलच्या चुकीहून अधिक फसवी आहे.

वायूच पाहावयाचा असेल तर कॅमेऱ्यापुढें ४.३ मायक्रॉनच्या शेजारचेच किरण आंत सोडणारी गाळणी लावावी लागते. शेजारचे म्हणण्याचें कारण असें कीं, नेमक्या त्या जागीं कॅमेरा व भट्टी यांमधील हवेंतला थंड कर्बाम्लवायुच किरण गिळून टाकतो. तापलेल्या वायूचा पट्टा अधिक रुंद होतो, व त्याच्या कडेचे किरण हवेंतून सुटून येतात. त्यांनाच धरावयाचें असतें. उलट, ज्वाला गाळून पलीकडची भिंत पाहावयाची असेल तर ३.९ मायक्रॉनची गाळणी लावतात. त्यानंतर ज्वालेमागें ठराविक आंचेचा तापलेला पृष्ठभाग ठेवून, त्याचे किरण ज्वालेंतून जातांना किती घटले व ज्वालेनें आपले किती भरले हें मोजलें, म्हणजे फेरीचीच तागडी पुन्हां उभी राहते. एक अडचण तरीहि उरते. कॅमेरा ज्वालेच्या अलीकडच्या थरापासून पलीकडच्या थरापर्यंतची सारी बेरीज एकाच ठिपक्यांत दाखवितो. ज्वाला गोल असेल तर लोणंदच्या बाजारांतील कांद्याप्रमाणें एकेक पापुद्रा गणितानें सोलीत आंत जावें लागतें, आणि बाहेरच्या पापुद्र्यांत झालेली बारीक चूक आंत जातां जातां वाढत जाते.

हा सगळा खटाटोप फलटणला परका नाहीं. १९६८ सालीं ब. वि. निंबकर यांनीं फलटण येथें निंबकर कृषि संशोधन संस्था काढली. त्या संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी व त्यांचे सहकारी यांनीं उंसाचें पाचट व चिपाडें यांपासून जळणारा वायु करण्याची भट्टी सिद्ध केली. पाचट हें हलकें, फुसफुशीत इंधन. शेतकरी तें बहुधा शेतांतच पेटवून देतो. अपुऱ्या हवेंत तें जाळलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व पुष्कळसा नत्रवायु असें मिश्रण निघतें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, खनिज तेलावर चालणाऱ्या, चिनी मातीसारख्या वस्तू भाजण्याच्या कारखान्यांतील एका भट्टीला हा वायु जोडून ती केवळ त्याच वायूवर चालविल्याचा वृत्तान्त आहे. मूळ इंधनाच्या वजनाच्या जवळजवळ एक चतुर्थांश कोळशाचा चुरा शिल्लक राहिला, तोहि उपयोगी.

अशा वायूची ज्वाला तेलाच्या ज्वालेसारखी पिंवळीधमक नसते. तेलाच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्या कामगाराला ती मंद वाटणें साहजिक आहे, कारण त्याचे डोळे काजळीचा उजेड पाहण्यास शिकलेले असतात. त्या डोळ्यांना त्या शिक्षणाची किंमतहि द्यावी लागे. इटालियन वैद्य रामाझिनी यानें १७०० सालींच कांचेच्या भट्टीवरील कामगारांच्या डोळ्यांच्या दुखण्याविषयीं लिहून ठेवलें आहे, आणि पुढें कांच व लोखंड वितळविणाऱ्यांना अकालीं होणारा मोतीबिंदु हा त्यांच्या धंद्याचा रोग म्हणून मान्य झाला. विल्यम हर्शेलचा पारा ज्या किरणांनीं चढला, तेच किरण वर्षानुवर्षें डोळ्यांतील भिंगांत उतरत होते.

पाचटाच्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइडचे किरण ४.७ मायक्रॉनच्या आसपास पडतात, आणि तो जळून कर्बाम्लवायु झाला म्हणजे ते ४.३ कडे जातात. योग्य गाळण्या लावलेला कॅमेरा भट्टीच्या झरोक्यासमोर ठेवला तर ज्वालेंत कोणत्या ठिकाणीं वायु अद्याप जळावयाचा आहे व कोठें जळून पुरता तापला आहे, हें निरनिराळें दिसूं शकतें. झरोक्याला मात्र कांच चालत नाहीं. तेथें नीलमण्याच्या जातीच्या कृत्रिम स्फटिकाची चकती बसवितात. सैंधव बसवीत नाहींत, कारण तें हवेंतील दमटपणानें विरघळतें; आणि पावसाळ्यांत तर सैंधवाच्या चकतीवर एका रात्रींत धुकें धरतें.